साहेबाच्या डब्यातली घटिका

बाळांनो, मोंबासाहून तुम्ही दोघांनी पाठवलेलं पत्र आणि त्यासोबतचं इंजिनाचं चित्र पोचलं. तुम्ही नामांकित इंजिनांची आणि राजेरजवाड्यांच्या गाड्यांची वही करता आहात, आणि त्या वहीसाठी मला पाच प्रश्न विचारले आहेत. पत्राला त्याच आठवड्यात उत्तर द्यायची माझी रीत तुमच्या वडिलांना ठाऊक आहे. या वेळी तीन आठवडे लागले. कारण तुमच्या पाचव्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर एक गोष्ट सांगावी लागते, आणि ती मी न सांगण्याचं वचन दिलं होतं. जिला दिलं ती माझी आत्या, तुमच्या पणजोबांची धाकटी बहीण, या चैत्रात गेली. आता सांगायला हरकत नाही.

पहिले चार प्रश्न आधी उरकते.

इंजिनाचं नाव काय होतं? नाव होतं. पितळी पट्टीवर कोरलेलं होतं. पण आमच्यातल्या कुणालाच इंग्रजी वाचता येत नव्हतं. मी पुढं अमरावतीला मडमांच्या शाळेत इंग्रजी शिकले आणि पाटी वाचायला बडनेऱ्याला गेले, तेव्हा ते इंजिन त्या मार्गावर येईनासं झालं होतं.

रंग कोणता? मला हिरवा आठवतो. माझे वडील तांबडा म्हणत. आत्या म्हणायची काळा, कोळशासारखा.

डबा कसा होता? तो एका कापूस खरेदी करणाऱ्या साहेबाचा खास डबा होता. समोरासमोर दोन मोठे आरसे, चामड्याच्या गुबगुबीत बैठका, पितळेची तोटी असलेलं चिनीमातीचं भांडं, आणि खिडक्यांना वाळ्याचे पडदे. स्टेशन आलं की भिस्ती ते पडदे भिजवायचा आणि आत थंडगार सुवास यायचा. वैशाखात वऱ्हाडात असा वारा अंगावर घेतलेली माणसं तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतील.

साहेबाच्या डब्यात तुम्हाला बसू कसं दिलं? अमेरिकेत लढाई चालू होती, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि आमच्या काळ्या मातीतल्या कापसाला कधी नव्हे तो मान आला होता. माझे आजोबा, ज्यांना आम्ही आबा म्हणत असू, त्यांचा सगळा कापूस हा साहेब घेई. साहेब अकोल्याला होता आणि त्याला आणायला त्याचा डबा बडनेऱ्याहून रिकामाच जाणार होता. आबांनी विचारलं, साहेब हसून हो म्हणाला. त्याच दिवशी आत्याचं लग्न होतं. मुलाकडच्यांचा हट्ट होता की लग्न त्यांच्या दारी, अकोल्यालाच लागलं पाहिजे. म्हणून नवरी साहेबाच्या डब्यातून निघाली.

आता पाचवा प्रश्न: बडनेऱ्याहून अकोल्याला पोचायला गाडीला किती वेळ लागला?

हाच प्रश्न मला इतकी वर्षं सुटलेला नाही.

तेव्हा लग्नाची वेळ घड्याळावर ठरत नसे. घंगाळात पाणी भरून त्यात तांब्याची एक पातळ वाटी सोडत; या मांडणीला घटिका म्हणत. तिच्या बुडाला सुईच्या टोकाएवढं छिद्र. पाणी हळूहळू आत येई, वाटी बुडे, की एक घटका झाली. तुमची चोवीस मिनिटं. लगेच वाटी काढून, रिती करून पुन्हा सोडायची आणि बाजूला एक सुपारी ठेवायची. आत्याचा मुहूर्त सूर्योदयापासून सव्विसाव्या घटकेचा होता. आमचे जोशीबुवा जुन्या वळणाचे. मुलीच्या दारी सूर्योदयाला पूजा करून मांडलेली घटिका लग्न लागेपर्यंत मोडायची नाही, असा त्यांचा दंडक. मग गाडी असो की बैलगाडी, घटिका बरोबर चालणार.

घर स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर होतं. दोन गडी फळीवर घंगाळ घेऊन पाय मोजत चालले होते आणि जोशीबुवा त्यांच्यापुढं उलटे चालत होते. रुईच्या गाठींवर बसलेले हमाल ओरडले, "बुवा, पाण्याले लग्नाले नेता का?" बुवांनी वर पाहिलं नाही.

गाडीत बसताना बारा सुपाऱ्या झाल्या होत्या. पण खरी अडचण तिथंच निघाली. त्या डब्यात फक्त बायका बसणार, पुरुष मागच्या साध्या डब्यात, आणि एका डब्यातून दुसऱ्यात जायला वाट नाही. बुवांना बायकांच्या डब्यात बसणं पटेना. आजीला गाडीत चढतानाच घेरी आली. आईच्या मांडीवर माझा धाकटा भाऊ. बाकीच्या बायकांना वीसच्या पुढं मोजता येत नव्हतं आणि मला शंभरपर्यंत येत होतं. मी आठ वर्षांची होते.

"वाटी बुडाली की सुपारी ठेवजो," बुवा खिडकीतून म्हणाले. "नजर हलवू नको पोरी. तुझ्या आत्याचा संसार आहे त्या वाटीत."

डब्यात बैठका होत्या, पण चामड्याच्या. सोवळ्यातल्या नवरीनं चामड्यावर बसायचं कसं? आजी डोळे मिटूनच म्हणाली, "ढोराच्या कातड्यावर बसता का? उतरा खाली." म्हणून आम्ही सतरंजी अंथरून जमिनीवर बसलो, आणि साहेबाच्या गुबगुबीत बैठकांवर रुखवताच्या टोपल्या बसल्या. समोरासमोरच्या आरशांत मुंडावळ्या बांधलेल्या आत्यांची रांगच्या रांग दिसत होती, आणि तितकीच घंगाळं. कुठलं आपलं, ते पाहायला मला पाण्यात बोट बुडवावं लागलं.

गाडी सुटली आणि माझ्या डोक्यात गोंधळ सुरू झाला. घरी वाटी शांतपणे बुडायची. इथं घंगाळातलं पाणी हेलकावे खात होतं, काठावरून वाटीत उडत होतं, आणि वाटी पाहता पाहता खाली जात होती. ही घटका पुरी की अर्धी? बुवांनी हे सांगितलंच नव्हतं. मी सुपारी ठेवत गेले.

आत्या माझ्या शेजारी बसली होती. ती तेरा वर्षांची, लग्न लागेपर्यंत उपाशी. मागं टोपल्यांतल्या करंज्यांचा वास येत होता.

"किती झाल्या वं?" ती दर थोड्या वेळानं विचारायची.

"पंधरा."

"अजून पंधराच?"

मूर्तिजापूर मागं पडलं आणि गाडी वळणावर आली. आत्या म्हणाली, "इंजिन दिसून राहिलं पाय, पितळेचं डोकं कसं चमकते!" मी वाळ्याचा पडदा सारून डोकं बाहेर काढलं. पुढं लांबवर ते वाकून धावताना मला दिसलं, आणि त्याच क्षणी डोळ्यात कोळशाचा कण गेला. आईनं पदराच्या टोकानं तो काढला, पाणी लावलं. मी परत वळले तेव्हा वाटी तळाला बसली होती.

ती कधी बुडाली? आत्ता, की मघाशीच? मी एक सुपारी ठेवली. मग वाटलं, मधे एखादी घटका सुटली असेल. म्हणून आणखी एक ठेवली. कुणाला काही बोलले नाही. अकोल्याला उतरताना तेवीस सुपाऱ्या होत्या.

मांडवात पोचेपर्यंत चोवीस. मुलाकडच्या जोशांनीही त्यांच्या दारी घटिका मांडली होती. त्यांच्या सुपाऱ्या एकवीस!

आभाळ धुळीनं गढूळलं होतं, सावली पडत नव्हती, नाही तर काठी रोवून निकाल लागला असता. आबांनी एक माणूस स्टेशनवर धाडला. तो येऊन म्हणाला, "मास्तर म्हणते घड्याळात अमुक वाजले, पण ते घड्याळ दूरच्या शहराचं हाय. अकोल्याचं नाई." त्यातून घटका काढायच्या कशा, ते दोघांही जोशांना येईना.

मुलाचा काका म्हणाला, "अजून पाच घटका हायेत. नवरदेवाची आंघोळ व्हायची हाय."

"दोनच आहेत," आमचे बुवा म्हणाले. "तुमच्या घटिकेपाशी कोण बसलं होतं?"

बसला होता तो म्हातारा दुपारी पेंगला होता, हे तिथल्या बायकांनीच सांगून टाकलं. तरी काका अडून बसला. तेव्हा आबा म्हणाले, "आमची घटिका साहेबाच्या डब्यात बसून आली जी. गाडी येळेवर आली का नाई? मग तिच्यातली घटिका चुकन कशी?"

आश्चर्य म्हणजे ते सगळ्यांना पटलं. नवरदेवाला विहिरीवर पळवत नेलं. त्याच्या कानामागची हळद तशीच राहिली होती. आमच्या सव्विसाव्या सुपारीला अंतरपाट दूर झाला. बुवांनी लग्नानंतर ती वाटी आत्यालाच देऊन टाकली. "गाडीत बसलेली वाटी मी पुन्हा वापरणार नाही," एवढंच म्हणाले. चारचौघांत आबांचं म्हणणं त्यांनी खोडलं नव्हतं, पण मनात काय होतं कोण जाणे.

सहा वर्षं गेली. आत्याला मूल झालं नाही. सासू म्हणू लागली, लग्न मुहूर्तावर लागलंच नाही, गाडीतल्या वाटीनं घात केला. मग मुलाला दुसरी करायची बोलणी सुरू झाली. आत्या माहेरी एक शब्द बोलली नाही. पण सासूनंच निरोप पाठवला: ज्या पोरीनं घटका मोजल्या तिला आणा, तिनं देवासमोर बेलभंडार उचलून सांगावं की मोजणी बरोबर होती. मग दुसरीचा विषय सोडते.

मी चौदाची. आई मला साध्या डब्यातून अकोल्याला घेऊन गेली. वाटेत मूर्तिजापूरपुढं ते वळण आलं आणि मी पाहिलंच नाही, डोळे मिटून बसले.

बरोबर होती असं म्हणायचं तर खोटी शपथ. चूक होती म्हणायचं तर आत्यावर सवत. आणि खरं काय ते मला स्वतःलाच माहीत नव्हतं. हेलकाव्यानं घटका जास्त मोजल्या गेल्या असतील. मी बाहेर पाहत असताना एखादी बुडून राहिली असेल, म्हणजे कमी. मी अंदाजानं एक वाढवली, म्हणजे पुन्हा जास्त. बेरीज वजाबाकी करून डोकं दुखलं.

देव्हाऱ्यासमोर सासूनं माझ्या तळहातावर बेलाचं पान आणि भंडारा ठेवला. "बोल माय. खरं बोलजो."

आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या हातातलं लाटणं हलत नव्हतं.

मी म्हणाले, "गाडीतून उतरलो तेव्हा सुपाऱ्या तेवीस होत्या."

"तेवीस?"

"तेवीसच. एक कमी नाही, एक जास्त नाही."

सासूनं माझ्या तळहातावरचं पान उचलून देव्हाऱ्यात ठेवलं. मग भंडारा माझ्या कपाळाला लावला आणि म्हणाली, "बस. झालं." दुसरीचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

संध्याकाळी चुलीपाशी आम्ही दोघीच होतो. मी आत्याला सगळं सांगितलं: कण, बुडालेली वाटी, वाढवलेली सुपारी. मला वाटलं ती रडेल. ती भाकरी उलटत म्हणाली, "इंजिन पाय म्हणून तुले मीच म्हटलं ना वं."

"हो."

"काहून म्हटलं? तू तिकडं पायलं का मी बोटानं वाटी दाबली. एकदा. नाई, दोनदा. मले लय भूक लागली होती. वाटलं, लवकर बुडली तं लवकर लगन लागन आन् लवकर जेवाले भेटन."

सहा वर्षं वाटीला बोल लागत होता आणि ती ऐकत होती.

"तेवा आरशात किती जणी दाबून राहिल्या होत्या!" ती म्हणाली, आणि हसू आवरायला तिनं पदर तोंडावर घेतला. मग एकदम गंभीर झाली. "मी असेपर्यंत कोणाले सांगजो नोको."

पुढच्या दोन वर्षांत तिला मुलगी झाली, नंतर एक मुलगा. म्हणजे मुहूर्त बरोबर होता का? की मुहूर्ताचा काही संबंधच नव्हता? मी शाळेत गणित शिकले, रेल्वेची वेळापत्रकं पाहिली, बडनेऱ्याच्या स्टेशनात जुन्या वह्यांची चौकशी केली. त्या वर्षाच्या वह्या वाळवीनं खाल्ल्या होत्या. म्हातारपणी आत्याला पुन्हा विचारलं, तर म्हणाली, "दोनदा का तीनदा, आता ध्यानात नाई." म्हणून तुमच्या वहीत पाचव्या प्रश्नापुढं "ठाऊक नाही" असंच लिहा.

आत्याच्या नातीनं गेल्या महिन्यात मला एक पुडकं पाठवलं. ती वाटी. परवा मी घंगाळात पाणी भरून टेबलावरच्या घड्याळाशी ती ताडून पाहिली. चोवीस मिनिटं लागायला हवीत, तिला एकवीसच लागली. छिद्र घासून मोठं झालं असेल, किंवा पहिल्यापासून तसंच असेल. तसं असेल तर घरी, गाडीत बसण्याआधी मोजलेल्या बारा सुपाऱ्यांचंही काही खरं नाही.

इंजिन कुठं गेलं, माहीत नाही. साहेबाचा डबा नंतर कुणी पाहिला नाही. बुवा, आबा, आजी, आई, आत्या, आता कुणी नाही. तांब्याची वाटी माझ्या टेबलावर आहे आणि पाण्यात सोडली की ती बुडते.