रंगनाथ सर आणि थंड खोली

मत्सर करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, मी स्वतःही काही संत नव्हे. पण रंगनाथ सरांइतका मन लावून, वेळापत्रक आखून मत्सर करणारा माणूस आमच्या परभणीत दुसरा झाला नसेल. विद्यापीठाच्या इथल्या पदव्युत्तर केंद्रात ते गणिताचे प्राध्यापक होते. त्यांचा विभाग जुना. अठ्ठ्याऐंशी साली त्यांच्या समोरच्याच खोल्यांमध्ये संगणकशास्त्र विभाग उघडला आणि मी तिथं प्रयोगशाळा सहायक म्हणून लागलो. रोज चुडाव्याहून रेल्वेनं यायचो, खोली उघडायचो, आणि वळून पाहिलं की व्हरांड्याच्या पलीकडच्या खिडकीत सर उभे असायचे.

त्यांच्या पोटदुखीचं कारण उघड होतं. नव्या विभागाचं प्रमुखपद आपल्यालाच मिळणार असं ते धरून चालले होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याला जाऊन संगणकाचा छोटा अभ्यासक्रम करून आले होते आणि आल्यावर पेढेही वाटले होते. नेमणूक झाली ती नागनाथची. नागनाथ त्यांचाच विद्यार्थी आणि त्यांच्याच गावचा, पालमजवळचा. सर पाटलाच्या घरातले, नागनाथ बौद्धवाड्यातला. अठ्ठ्याहत्तर साली नामांतरावरून गावात जे झालं, त्यानंतर नागनाथच्या आईवडलांनी गाव सोडलं आणि पूर्णेला बिऱ्हाड केलं. पोरगा इथं सरांकडे गणित करून पुढं हैदराबादेत शिकला आणि तिशी ओलांडता ओलांडता विभागप्रमुख होऊन परभणीला आला. सर अभिनंदनाला हार घेऊन आले, पण तो गळ्यात न घालता टेबलावर ठेवून निघून गेले.

वास्तविक वर्गात सरांनीच त्याला डोक्यावर घेतलं होतं. "माझा नागनाथ" असं ते सगळ्यांना सांगायचे. पोरगं हुशार असलं की मास्तराला बरं वाटतं, पण ते आपल्या पुढच्या खुर्चीत जाऊन बसलं की तेच बरं वाटणं नाकात मिरचीसारखं चढतं. मला यात नवल वाटलं नाही. माझा चुलतभाऊ तहसीलमध्ये लागला तेव्हा मी आठ दिवस त्याच्या घरावरून गेलो नव्हतो.

आमची संगणकाची खोली म्हणजे केंद्रातली एकुलती एक थंड खोली. आत चार यंत्रं, खिडक्या कायमच्या बंद, वर वातानुकूलन. मे महिन्यात बाहेर डांबर वितळायचं आणि आत पोरं मफलर गुंडाळून बसायची. प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाची पाळी. वीज गेली तर पाळी गेली. प्रत्येकाची फ्लॉपी माझ्या कपाटात, कारण खिशात घालून नेली की बसच्या गर्दीत ती वाकायची. इंग्रजी पुस्तकं दोनच, ती खोलीतच बसून वाचायची. शनिवारी व्याख्यान, चहा आणि बिस्कीट.

या एकेका गोष्टीचा सरांना त्रास व्हायचा. आम्ही शनिवारचं व्याख्यान सुरू केलं, तर त्यांनी रविवारचं गणित मंडळ काढलं आणि बिस्किटाऐवजी चिवडा ठेवला. आम्ही नव्या पोरांच्या स्वागताचा कार्यक्रम केला, तर त्यांनी त्याच दिवशी, त्याच वेळी, जुन्या पोरांच्या निरोपाचा ठेवला, परीक्षेला चार महिने असताना. आमच्या फळ्यावर वर्तमानपत्रातलं संगणकाचं कात्रण लागलं की त्यांच्या फळ्यावर दुपारपर्यंत एक कूट प्रश्न लागायचा, सोडवणाऱ्याला पेन बक्षीस. शनिवारी आमच्या बंद खिडकीबाहेर ते उभे राहायचे. आतलं काही ऐकू यायचं नाही. नुसते ओठ हललेले बघायचे आणि परत जायचे.

मात्र आत ते कधीच आले नाहीत. उद्घाटनाला आले होते, दारापर्यंत. दारावर पाटी होती, पादत्राणे बाहेर काढावीत. आपल्याकडची काळी माती, वर कापसाचं तूस, ते यंत्रात गेलं तर यंत्र बसलं. पाहुण्यांनी बूट काढले, आमच्या संचालकांनी काढले. रंगनाथ सरांनी पाटी वाचली, आत उभ्या नागनाथकडे पाहिलं, रक्तदाबाचं काहीतरी पुटपुटले आणि माघारी फिरले. त्यांच्या मोज्याला भोक असेल असं मला वाटलं. मी ते चारजणांना सांगितलंही, आणि आम्ही पोट धरून हसलो.

पण आत यायची गरज सगळ्यांत जास्त त्यांनाच होती. एकाला सातानं भागलं की एक चार दोन आठ पाच सात हे सहा आकडे पुन्हा पुन्हा येत राहतात, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. अकरानं भागलं की दोनच आकडे फिरतात, सतरानं भागलं की सोळा. सरांनी तरुणपणी ध्यास घेतला होता की दहा हजारापर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येचं हे फिरणं मोजायचं. हातानं भागाकार करत. लग्न झालं, मुली झाल्या, मुलींची लग्नं झाली, सर भागाकार करतच होते. तीन हजाराच्या पुढं गेल्यावर एकेका संख्येला दिवस दिवस जायला लागला आणि डोळे साथ देईनात. आमच्या यंत्राला हे एका सकाळचं काम होतं. हे मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. आणि त्र्याण्णवच्या एप्रिलअखेर ते निवृत्त होणार होते. त्यानंतर त्यांना कोण पाळी देणार?

त्या जानेवारीत मला त्यांची दया आली. दया आली म्हणण्यापेक्षा, रोज खिडकीत तो चेहरा बघून मी बेजार झालो. गणित विभागात गेलो आणि म्हणालो की भागाकाराच्या वह्या माझ्याकडे द्या, एखाद्या पोराकडून करून घेतो, तुमचं नावसुद्धा निघणार नाही. सर एकदम भडकले. जन्मभराचं काम दुसऱ्याच्या हातानं उरकून घ्यायला ते लग्नातल्या पंगतीतलं वाढप आहे का, असं विचारलं. मग स्वतः या, मी म्हणालो, बूट काढायला असा कितीसा वेळ लागतो.

सरांनी उठून दार लोटलं.

"भुजंग, तू चुडाव्याचा, तुला आमच्या गावचं ठाऊक न्हाई. आमच्या ओट्यावर आबासाहेब, म्हंजे माझे वडील, बसलेले असायचे. नागनाथचा बाप चंद्रभान ओट्यापुढून जाताना पायताण काढून हातात धरायचा. उन्हाळ्यात फुफाट्यातून तसाच अनवाणी जायचा. बरोबर हे पोरगं असायचं, त्याचं बोट धरून. मी दारात उभा राहून बघायचो. आता त्यानं पाटी लावलीय आन् मला काढायला लावतोय. धूळ ही नुसती सबब हाय."

मी म्हणालो की ती पाटी सगळ्यांसाठी आहे, सर, संचालकसुद्धा काढतात. ते म्हणाले, सगळ्यांसाठी लावल्याशिवाय एकाला कशी लागेल. बाहेर आलो तेव्हा मोज्याच्या भोकावर हसल्याची मला लाज वाटली, पण सरांचा रागही आला. माणूस जळायला लागला की त्याला साध्या धुळीतसुद्धा आपल्याविरुद्ध कट दिसतो.

फेब्रुवारीत विभागाचा मेळावा झाला. आसपासच्या गावच्या लोकांना संगणक दाखवायचा ही नागनाथचीच कल्पना. माणसं एसटीनं आली, पण सकाळभर कोणी खोलीत शिरेना. दारातून डोकावायची, पाटी बघायची, आपले मळलेले पाय बघायची आणि बाजूला सरकायची. तासभर हे बघून नागनाथनं मला एक यंत्र व्हरांड्यात आणायला सांगितलं. मी कुरकुरलो. धूळ जाईल, आणि बिघडलं की तुम्ही मलाच धरणार. तो म्हणाला, एक दिवस जाऊ दे. वायर ओढून टेबल बाहेर लावलं आणि बघता बघता व्हरांडा भरला. नागनाथ तसाच आतून उठून आला होता, अनवाणी, आणि तसाच उभा राहून लोकांना समजावत होता.

तेवढ्यात समोरचं दार उघडलं. सर बाहेर आले, बुटाला पॉलिश केलेलं, इस्त्रीचा सदरा. इथं पाटी नव्हती. लोकांनी वाट दिली. नागनाथनं खुर्ची मागं ओढली आणि म्हणाला, "बसा सर. तीन हजाराच्या पुढं गेलात का तुमी? कॉलेजात होतो तवा दोन हजारावर होतात."

म्हणजे त्याच्या लक्षात होतं. सरांच्या चेहऱ्यावर मला आनंद दिसला नाही. नोकरी त्याची, खोली त्याची, यंत्र त्याचं, आणि आता चारचौघांत दाखवलेला मोठेपणाही त्याचाच. सर खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. खाली पाहत होते, नागनाथच्या पायांकडे. मी वायर धरून शेजारीच होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"खरं सांग नागनाथ. ती पाटी तू माझ्यासाठीच लावलीस ना? चंद्रभान आमच्या ओट्यापुढं पायताण हातात घ्यायचा, म्हणून?"

नागनाथला आधी उमजलंच नाही. मग त्याचा चेहरा हळूहळू बदलला. तो चिडेल असं मला वाटलं, चिडला असता तर मला आवडलंही असतं.

"पाटी यंत्र बसवायला आलेल्या माणसानं लावली सर, मी रुजू व्हायच्या आधी," तो म्हणाला. "पण तुमाला ते आठवतंय? मला वाटायचं, ते फक्त आमच्याच लक्षात राहिलंय. बाप मरेपर्यंत म्हणायचा, पाटलाच्या घरात कुणाच्या ध्यानातबी नसंल."

मागून एका शेतकऱ्यानं यंत्र बंद पडलं काय म्हणून विचारलं, त्याला मी हातानंच थांबवलं. इतकी वर्षं सर ती आठवण स्वतःला एकट्याला टोचणारी गोष्ट म्हणून जपून बसले होते, आणि समोरच्यानं ती अनवाणी पायांनी भोगलेली होती. मत्सराला धरायला त्यांच्याकडं काही उरलं नव्हतं. मला ते त्या क्षणी फार म्हातारे दिसले.

मग ते खुर्चीत बसले आणि वाकून बुटाची नाडी सोडायला लागले. नागनाथ पुढं झाला. "राहू द्या सर, इथं गरज न्हाई."

"मला आत जायचंय," सर म्हणाले. "माझी पाळी कधी लागेल?"

दुसऱ्या कुणाला विचारता आलं असतं, पण त्यांनी नागनाथलाच विचारलं. नागनाथनं माझ्याकडे पाहिलं, आणि मी दार उघडून धरलं.