दुसऱ्याच्या मेजवानीतलं बिल

हॉटेलच्या बिलात सर्व्हिस चार्ज लावलेला दिसला की तुम्ही काय करता? मान खाली घालून भरताच ना?

पेणचा सुलेमान भरत नसे. एसटी स्टँडजवळ त्याचं मिक्सर दुरुस्तीचं दुकान. शाळा अर्ध्यात सुटलेली, पण ग्राहक कायदा त्यानं वाचून वाचून तोंडपाठ केलेला. "टीप मर्जीची, सक्तीची नाय," असं काउंटरवर हात आपटून सांगितलं की मॅनेजर मुकाट नवं बिल काढत. पेणचे हॉटेलवाले त्याला वचकून असत आणि त्याला ते आवडे.

गेल्या वर्षी त्याच्या मुलीचं, रुखसारचं, रोह्याजवळ वरसे गावी जमत आलं. मुलगा अदनान. त्याचे वडील जुहेबभाय आखातातून परतलेले. तिकडे काम काय करत होते, हे सुलेमाननं कधी विचारलंच नव्हतं. बोलणी पक्की करायला जुहेबभायनी दोन्ही घरांना रोह्यातल्या हॉटेलात जेवायला बोलावलं. जेवणं झाली, बिल आलं, आणि सुलेमाननं ते जुहेबभायच्या हातातून ओढून घेतलं.

"अब्बा, ऱ्हाऊ द्या. आपण पाहुणे हाव," रुखसार हळूच म्हणाली.

"गप गो. सर्व्हिस चार्ज लावलाय, बेकायदा हाय हे." मग सगळ्या हॉटेलला ऐकू जाईल असं तो मॅनेजरला म्हणाला, "वाढप्यांना पगार तुमी द्या. आमच्या ताटापुढं भीक कशाला मागायला लावता त्यांना?"

मॅनेजरनं चार्ज काढला. सुलेमान जिंकल्यासारखा वळला, तर जुहेबभाय उठून उभे राहिले होते. त्यांनी बिल दिलं, वाढप्याच्या मुठीत वेगळी नोट सरकवली आणि निघाले.

परतताना गाडीत रुखसारनं सांगितलं, "जुहेबचाचा मस्कतला हॉटेलात वाढपीच व्हते. अदनान शिकला तो त्यांच्या टीपवर."

नागोठणं मागं पडलं तरी सुलेमानला खिडकीकडची मान वळवता आली नाही.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच वरसे गावी गेला. जुहेबभाय स्वतः ट्रे घेऊन आले. थेंबही न सांडता त्यांनी कप समोर ठेवला.

"घ्या. आमाला सवय हाय."

"चुकलो, जुहेबभाय," सुलेमान कपाकडे बघत म्हणाला.

"कायदा तुमचा बरोबर व्हता," ते म्हणाले. "पण आमी भीक नव्हती मागितली कधी."

लग्न मोडलं नाही. पण व्याह्यांच्या घरी चहा आला की सुलेमानची नजर आजही कपाच्या वर जात नाही.

तेव्हा सक्तीचा चार्ज जरूर काढायला लावा, तो तुमचा हक्कच आहे. फक्त दुसऱ्यानं बोलावलेल्या जेवणात बिल हिसकावू नका, आणि वाढणाऱ्याच्या कमाईला भीक म्हणू नका.