ताईंचा डावा कान

शिशुवर्गाच्या ताईंना डाव्या कानाने ऐकू येईनासं झालं, त्याला दोन वर्षं झाली होती. नवरा सोडला तर कुणाला पत्ता नव्हता.

"सांगून बसू नकोस," तो म्हणाला होता. "एकोणीस पोरं सांभाळायची आणि बाईंना ऐकू येत नाही म्हटल्यावर ठेवतील का तुला?"

ताईंना ते पटलं. तेव्हापासून त्या खुर्ची अशी लावत, की डावा कान भिंतीकडे राहील.

त्या वर्षी वर्गात चिमणी आली. चार वर्षांची, दोन्ही कानांना मशीन. शाळेच्या मोठ्या बाईंनी तिला हौसेने घेतलं होतं. पहिल्याच दिवशी मुलं तिच्याभोवती गोळा झाली.

"हे काढलं की दुखतं?"

"आम्हालापण होईल का?"

ताईंनी सांगितलं, चष्म्याने कसं नीट दिसतं, तसं याने नीट ऐकू येतं. बाकीच्यांना तेवढं पुरलं. पण वर्गात एक मुलगी होती, सारखी वाद घालते म्हणून सगळे तिला वकीलबाई म्हणत. तिचं समाधान होईना.

"मोठी झाली की येईल ना हिला ऐकू? मोठ्या माणसांना सगळं ऐकू येतं."

"सगळ्यांना नाही गं," ताई बोलून गेल्या आणि घाईघाईने सांडलेले मणी वेचू लागल्या.

चिमणीशी बोलायचं तर समोर जायचं, खांद्याला हात लावायचा, हे मुलं आठवड्याभरात शिकली. मग वकीलबाईने एकदा ताईंना डावीकडून हाक मारली. ओ आली नाही. ती वळसा घालून समोर आली, खांद्याला हात लावून म्हणाली, "शू लागली." हळूहळू सगळा वर्गच तसं करू लागला. कुणी हसलं नाही, काही विचारलं नाही. ताई मात्र दर वेळी दाराकडे बघून घेत.

एका सकाळी ताई भिंतीवर चित्रं लावत होत्या. मोठ्या बाई डावीकडून येऊन काहीतरी बोलल्या.

"तिकडून नको," वकीलबाई म्हणाली. "त्या कानाने ताईंना ऐकू येत नाही."

मोठ्या बाईंनी ताईंकडे रोखून पाहिलं. ताई हसल्या. "काहीतरीच हिचं! चिमणीचं बघून खेळ सुचतात."

"थापाडी कुठली!" म्हणत मोठ्या बाईंनी पोरीला टपली मारली आणि त्या गेल्या.

वकीलबाई जागची हलली नाही. "मी थाप नाही मारली."

"नाही मारलीस."

"मग तुम्ही का हसलात?"

ताई पुन्हा चित्रं लावू लागल्या. पोर चिमणीशेजारी जाऊन बसली.

त्या आठवड्यात ताई दोनदा मोठ्या बाईंच्या दारापर्यंत गेल्या. दुसऱ्यांदा आतून "या, बोला" असं ऐकूही आलं. "रंगीत कागद संपलेत," ताई म्हणाल्या, कागद घेऊन परतल्या.

पुढे त्यांनी स्वतःसाठीही मशीन घेतलं. घरी लावतात. फाटकाशी आल्या की काढून पर्समध्ये टाकतात, आत जातात. वर्गात चिमणी कान खाजवत मशीन ओढत असते. ताई तिच्यासमोर उकिडव्या बसतात, ते नीट बसवतात आणि म्हणतात, "काढायचं नाही हं, राणी. यात लाजायचं काय?"

वकीलबाई बघत असते. आता ती काही बोलत नाही.