सील तोडलेला फोन

‘ती घटना आजही आठवते’ असं लिहून निवृत्त अधिकारी बहुधा आपल्या मर्दुमकीची एखादी केस सांगायला घेतात. माझ्याही गाठीला तशा चार-दोन आहेत. चोर पकडले, वरिष्ठांची शाबासकी मिळाली, पेपरात फोटो छापून आला. त्या सांगायला गोड वाटतात. ही गोड नाही. बाकीच्या केसेस मी आठवल्या तर आठवतात, ही मात्र न बोलावता येऊन बसते. म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

मी तेव्हा छत्रपती संभाजीनगरच्या अंगाला असलेल्या एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून टपालावर सह्या करत होतो, तेवढ्यात एक बाई आत आली. पन्नाशीची, पाचोडकडच्या एका गावात शाळेतल्या पोरांची खिचडी शिजवणारी. नवरा केव्हाच वारलेला. एकुलती एक लेक आमच्या हद्दीत फुलंब्रीच्या बाजूला दिलेली, आणि ती लेक चार दिवसांपूर्वी विहिरीत मरण पावली होती.

आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद करून मोकळे झालो होतो. सासरचे म्हणाले, पाणी शेंदताना पाय घसरला. डोक्याला मार होता, पण विहिरीचा काठ दगडी होता. पडता पडता लागलं असंही म्हणता येत होतं. डॉक्टरांनीसुद्धा दोन्ही बाजूंनी बोलता येईल असंच लिहून दिलं होतं.

“सायेब, ती घसरली नाय,” बाई उभ्यानंच म्हणाली. “ती मला म्हनली होती, आई, फोनवर काय सांगू, हे लोक कान लावून बसत्यात. मी रोज फोनमधी बोलून ठेवते. तू आलीस की समदं ऐक. तेवढा तो फोन शोधा. मला ऐकू द्या.”

“मग तुम्ही गेला नाहीत?” मी विचारलं. पोलिसाला नको तिथं नको तो प्रश्न विचारायची खोड असते.

“शाळा चालू व्हती. माझ्या जागी शिजवायला कुनी नव्हतं. म्हनलं, सुट्टी लागली की येते.” मग म्हणाली, “सुट्टीला नऊ दिवस ऱ्हायले व्हते.”

त्याच दिवशी तिची फिर्याद घेतली. छळ आणि खुनाचा गुन्हा दाखल केला, नवऱ्याला अटक केली. त्यानं एकच धोशा लावला होता, फोन तिच्यासोबत विहिरीत गेला. आम्ही मोटर लावून विहीर उपसली. बादली सापडली, एक चप्पल सापडली, फोन नाही.

टीप मिळाली ती गावातल्या पिठाच्या गिरणीवाल्याकडून. गिरणीवाल्याला गावातलं सगळं माहीत असतं, फक्त त्याला आपण होऊन विचारायचं नसतं. दळण टाकायच्या निमित्तानं माझा एक अंमलदार तिथं तासभर बसला, तेव्हा तो हळूच बोलला, “तिसऱ्याच्या दिवशी तिचा नवरा माझ्याकडं आला व्हता. फोनचं लॉक कसं खोलतेत म्हनून विचारत व्हता. मी म्हनलं, मला पिठातलं कळतं बाबा.”

म्हणजे फोन होता, आणि चालू होता.

कोठडीत नवऱ्याला मी बोट लावलं नाही. घरझडतीच्या पंचनाम्यात गोठ्यातल्या बोर्डाला लावलेला एक चार्जर लिहिलेला होता, जुन्या फोनचा, बारीक पिनेचा. माणूस वस्तू लपवतो, पण तिच्यासोबतचं चिल्लर लपवायचं त्याच्या डोक्यात येत नाही.

“तुझा फोन कुठला?” मी विचारलं.

त्यानं सांगितलं. नवा होता, रुंद पिनेचा.

“आईकडं फोन आहे?”

“नाय.”

“बापाकडं?”

“त्यांना दिसत नाय, सायेब.”

“मग ती गेल्यावरही गोठ्यात बारीक पिनेचा चार्जर कुणासाठी लावलाय? म्हशीसाठी?”

तो रडायला लागला. खुनाचं काही बोलला नाही, पण फोन मात्र दाखवतो म्हणाला. पंचांसमक्ष सरकीच्या पोत्यातून त्यानं तो काढून दिला. काचेला तडा गेलेला, मागचं झाकण रबरानं बांधलेलं, पाच-सहा वर्षांपूर्वीचा अँड्रॉइड फोन. वर बोटानं रेघ ओढायचं पॅटर्न लॉक होतं.

“फेकून का नाही दिलास?” मी विचारलं.

“ती काय बोलली ते ऐकायचं व्हतं मला. लई येळा रेघा ओढून बघितल्या. खुलला नाय.”

फोन पाकिटात घातला, लाख लावून सील केला, पंचांच्या सह्या घेतल्या. ठाण्यात त्या दिवशी पेढे नव्हते वाटले एवढंच. मी बाईला निरोप धाडला की फोन सापडला. ती दुसऱ्या दिवशी आली आणि माझ्या पाया पडायला वाकली. मी मागं सरलो खरा, पण छाती फुगली होती, ते नाकारत नाही.

नियमानं तो फोन सीलबंद न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जायला हवा होता. पण तिथं फोनांच्या राशी पडलेल्या, आणि अहवालाला किती महिने लागतील ते देवालाच ठाऊक. इकडं नव्वद दिवसांत दोषारोपपत्र द्यायचं, नाहीतर आरोपी जामिनावर बाहेर. क्राइम मीटिंगला साहेब दर खेपेला विचारायचे, त्या विहिरीच्या केसचं काय झालं? आणि ती बाई. तिच्याकडच्या बाजारच्या दिवशी शाळेला अर्धी सुट्टी असायची, तेव्हा एसटी बदलत यायची आणि दारातूनच विचारायची, “खोलला का, सायेब?”

त्यात माझ्या डोक्यात हवा गेलेली होती. वर्षभरापूर्वी चोरीच्या एका गुन्ह्यात आम्ही असाच जुना फोन पैठण गेटजवळच्या एका मेकॅनिककडून रूट करून घेतला होता. रूट करणं म्हणजे कंपनीनं फोनला घातलेली कुलुपं काढून त्याचा पुरता ताबा घेणं. जुना फोन चालता ठेवायला लोक तसं करतात, कंपनीचं सॉफ्टवेअर काढून दुसरं टाकतात. त्या वेळी तासाभरात सगळं जसंच्या तसं हाती आलं होतं आणि माझी पाठ थोपटली गेली होती. पोलिसाला एकदा आडवाट फळली की तो हमरस्ता विसरतो.

तर एका दुपारी मी मुद्देमालातून पाकीट काढलं, सील तोडलं आणि साध्या कपड्यांत त्या दुकानात गेलो. ठाण्याची लिखापढी बघणारा माझा रायटर हवालदार म्हणाला होता, “साहेब, पंच तरी घेऊ बरोबर.” मी म्हणालो, “वरात काढायची का?”

मेकॅनिक माझ्याच वयाचा मुसलमान गृहस्थ. डोळ्याला भिंग लावून फोन उलटसुलट केला आणि माझ्यापुढं सरकवला.

“नक्को साब. वो फोन अलग था, ये अलग है. इसमें पहले बूटलोडर, मतलब कंपनी का अंदर का ताला, खोलना पडता. वो खोले तो अंदर का सब साफ हो जाता. कोरा.”

“सगळंच जातं?”

“कभी-कभी कुछ बचता बोलते. मैं नै देखा. इसकू लॅब में भेजो साब, वो लोगां के पास मशीनां हैं.”

माणूस एवढं स्वच्छ सांगत होता. मला मात्र तो टाळतोय असं वाटलं. पोलिसाला कुणी नको म्हटलं की त्यात काळंबेरंच दिसतं. मी म्हणालो, “दुकानातल्या सगळ्या जुन्या फोनांच्या पावत्या आहेत ना तुझ्याकडं? का बघू एकदा?”

पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार? त्यानं मुकाट्यानं फोनला वायर लावली, कॉम्प्युटरवर काहीतरी टाइप केलं. फोनच्या पडद्यावर इंग्रजीत एक सूचना आली. मी ती वाचली. मला इंग्रजी येत नव्हतं असं म्हणायला जागा नाही. फोनमधली सर्व वैयक्तिक माहिती पुसली जाईल, पुढं जायचं का, हो किंवा नाही. आवाज वाढवायचं बटण म्हणजे हो.

“हे सगळ्याच फोनवर येतं ना?” मी विचारलं.

“हां, आता है साब. लेकिन...”

“मग दाब.”

त्यानं दोन्ही हात मांडीवर ठेवले. “आप दबाओ साब. मेरे हात से नै होता.”

मी दाबलं.

फोन बंद झाला, चालू झाला, आणि त्यानं मला विचारलं, तुमची भाषा निवडा. नव्या कोऱ्या फोनवर येतं तसं. मी तोंडात मारल्यासारखा बघत राहिलो. मेकॅनिकनं मग काय नाही केलं! फोन रूट केला, दुसरं सॉफ्टवेअर टाकलं, पुसलेलं शोधायचा प्रोग्राम चालवला. दोन तासांनी हाती आला तो एका फोटोचा अर्धा तुकडा. त्यात परात दिसत होती आणि पीठ मळणारे दोन हात. आवाज एकही नाही.

ठाण्यात आलो तेव्हा रायटरनं माझ्या तोंडाकडं बघूनच ओळखलं. थोड्या वेळानं तो हळूच म्हणाला, “साहेब, जप्त केला तेव्हाच तो कोरा होता, असं लिहू या. आरोपीनंच पुसला. कोण बघतंय?” मी नाही म्हणालो नाही. पुन्हा लाख वितळली, पुन्हा सील लागलं आणि फोन लॅबला रवाना झाला. पंच ओळखीचे होते, त्यांनी विचारलंसुद्धा नाही. पुढच्या बाजारच्या दिवशी बाई आली तेव्हा मी तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं, “जावयानं सगळं पुसून टाकलं होतं, मावशी.”

ती खाली बसली. पदर तोंडात कोंबून बसली. मग म्हणाली, “मेल्यावर बी बोलू दिलं नाय तिला.” जाताना तिनं जावयाला दिलेले शिव्याशाप मी माझ्या खुर्चीत बसून ऐकले. ते सगळे माझ्या नावचे होते.

खोट्याला पाय नसतात म्हणतात. आमच्या खोट्याला लॅबचा अहवाल आडवा आला. फोन कोणत्या दिवशी, किती वाजता कोरा झाला आणि त्यात दुसरं सॉफ्टवेअर कधी घातलं, सगळं त्यात लिहिलेलं होतं. ती तारीख जप्तीच्या नंतरची होती. आरोपी तेव्हा कोठडीत होता आणि फोन माझ्या ताब्यात.

खटला उभा राहिला तोवर तीन वर्षं गेली होती. मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा होतो. बचावाच्या वकिलांनी आवाजसुद्धा चढवला नाही.

“हा फोन कोणी पुसला?”

माझ्यापुढं दोन वाटा होत्या. मेकॅनिकच्या गळ्यात घालता आलं असतं. त्याचं नाव ओठांवर आलंही होतं. मागच्या बाकावर ती बाई बसली होती. आयुष्यात उशिरा का होईना, एकदा मी खरं बोललो.

“मी पुसला.”

आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटला. त्यानं मारलं की नाही, हे मला आजही माहीत नाही, आणि आता ते कुणालाच कळायचं नाही. निकालपत्रात माझ्यावर ताशेरे आले. खातेनिहाय चौकशी झाली, शिक्षा झाली, ती मी भोगली. त्याचं काही वाटत नाही.

या केसनं काय शिकवलं? नोकरीभर मी समजत होतो की सील आरोपीसाठी असतं, त्यानं पुराव्याला हात लावू नये म्हणून. तसं नाही. आरोपी तर कोठडीत असतो. सील असतं ते माझ्यासारख्या घाईच्या, शाबासकीला सोकावलेल्या माणसासाठी. आणि माणूस वाईट असायचीही गरज नसते. मला त्या बाईचं भलंच करायचं होतं. भलं करायच्या घाईत मी तिचं सर्वस्व पुसलं, आणि वर तिच्याशी खोटं बोललो. हे शिकून कुणाचं भलं झालं म्हणाल, तर कुणाचंच नाही. ज्या माणसासाठी शिकायचं, ते माणूस आधीच गेलेलं होतं.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या आवारात ती माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता चार लोकांत शिव्या देईल, थोबाडीत मारेल. तसं झालं असतं तर मी तिचे उपकार मानले असते. ती अगदी जवळ येऊन उभी राहिली आणि हळू आवाजात तिनं विचारलं,

“सायेब, पुसायच्या आदी तुमी ऐकलं व्हतं का? थोडं तरी?”

“नाही, मावशी.”

“त्या दुकानवाल्यानं?”

“नाही.”

“त्यानं बी नाय ऐकलं? नवऱ्यानं?”

“त्याला लॉक उघडता आलं नाही.”

तिनं मान हलवली.

“मी सुट्टीची वाट बघितली,” ती म्हणाली. “म्हंजी तिचं कुनीच ऐकलं नाय.”

मग ती गेटाकडं चालू लागली. तिला एसटी गाठायची होती, दुसऱ्या दिवशी शाळा होती.