मेश्राम सरांचा रंगीत कॉम्प्युटर

हा किस्सा ऐकायचा असेल तर आधी चहाचा कप खाली ठेवा. मागच्या वेळी सांगितला तेव्हा एकाच्या नाकातून चहा आला होता. आणि साकोलीत माझं मोबाईल-लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे, हे हसताना विसरू नका. म्हणजे माझी शोभा किती झाली ते नीट कळेल.

मेश्राम सर आम्हाला शाळेत गणित शिकवायचे. त्यांच्याकडे स्वतःचा कॉम्प्युटर होता. कॉम्प्युटर म्हणजे काय, नुसता एक जाडजूड कीबोर्ड. टीव्हीला जोडला की चालायचा. मला ही वायरींची खोड लागली ती त्याच्यापायीच.

आता सर ऐंशीला आले. मुलाकडे पुण्याला कायमचे निघाले, तर आदल्या दिवशी कॉम्प्युटर पिशवीत घालून माझ्या घरी हजर! त्यांचा जुना टीव्ही कधीच मेला होता. म्हणाले, "चालू झाला त तुह्याकडंच ठेव. नाई झाला त भंगारवाल्याले देऊन टाकतो. पण एक खेप मले त्याच्यावर काईतरी लिवून पाहाचं हाय."

सरांनी आयुष्यात माझ्याकडे मागितलं ते एवढंच. मी छाती फुगवली. जुन्या मशीनच्या पिवळ्या वायरीतलं चित्र लॅपटॉपवर दाखवणारी एक डबी मिळते. ती लावली, सरांचं मशीन चालू केलं, लॅपटॉपवर चित्र बघायचा प्रोग्राम उघडला. त्यानं विचारलं, कुठून आलेलं चित्र दाखवू? मी यादीतलं पहिलं नाव दाबलं, आणि पडदा भरून लालपिवळा उजेड पसरला.

"आलं सर, आलं!" मी ओरडलोच.

सरांनी चष्मा पुसला. "पण हा त काळापांढरा होता न बाबू."

इथे गप्प बसलो असतो तर काय बिघडलं असतं? पण दुकानदार ना मी! सांगून टाकलं, सर, काळापांढरा तुमचा टीव्ही होता. मशीन पहिल्यापासून रंगीतच होतं, आपल्यालाच इतकी वर्षं कळलं नाही. सर चाट पडले.

मग अक्षरं का दिसत नाहीत? त्यालाही माझ्याकडे उत्तर होतं. म्हटलं, कधीपासून बंद होतं, तापायला वेळ लागेल, तुम्ही कळा दाबत राहा. सर पुढे वाकून एकेक कळ दाबायला लागले. आणि खरं सांगतो, ते वाकले की पडदा काळवंडायचा, मागे झाले की पुन्हा लाल! मी मांडीवर थाप मारली. कीबोर्ड चालतोय, चित्र बदलतंय, आणखी काय पाहिजे? म्हटलं, जोरानं दाबा. ऐंशी वर्षांचा माणूस, उखळात धान कांडल्यासारखा अर्धा तास वाकतोय आणि उठतोय.

एवढ्यात माझी बायको सुनंदा चहा ठेवायला लॅपटॉपपुढे वाकली. पडदा काळा.

"मी त काई दाबलं नाई बापा," ती म्हणाली.

सरांनी तिच्याकडे पाहिलं, मग लॅपटॉपकडे. गणिताचे मास्तर ते. त्यांनी लॅपटॉपच्या वरच्या काठापुढे तळहात धरला. काळं. काढला. लाल. मग शांतपणे मला विचारलं, "हे याच्या कपाळाले का लावलं गा तुनं?"

हळदकुंकू! दोनच दिवसांपूर्वी दसरा झाला होता. आम्ही मूळचे आंधळगावचे विणकर, दसऱ्याला आमच्यात मागाची पूजा असते. आता माग राहिला नाही, म्हणून मी माझ्या सगळ्या हत्यारांची करतो. आणि टिळा लावायचा तो कपाळावरच. लॅपटॉपचं कपाळ म्हणजे वरच्या काठाचा मधला भाग, आणि बरोबर तिथेच त्याचा कॅमेरा असतो, हे गिऱ्हाइकांना रोज मीच सांगतो. तेलात कालवून चांगला ठसठशीत लावला होता. यादीतलं पहिलं नाव त्या कॅमेऱ्याचंच होतं. अर्धा तास आम्ही सरांचा कॉम्प्युटर नाही, माझं कुंकू बघत होतो.

सुनंदानं पदरानं टिळा पुसला. पडद्यावर तोंड वासलेला मी दिसलो, एवढा मोठा.

मग यादीतलं दुसरं नाव, म्हणजे डबीचं, दाबलं, तर काळ्यापांढऱ्या पडद्यावर एक छोटा चौकोन लुकलुकू लागला. सरांनी हळूहळू, एका बोटानं, दोन ओळी लिहिल्या: माझं नाव लिही, आणि परत पहिल्या ओळीवर जा, असा मशीनला हुकूम. त्यांचं नाव वरपासून खालपर्यंत धावत सुटलं. सर टाळ्या वाजवून हसत होते. मला फार आनंद झाला, डोळे भरून आले.

निघताना त्यांनी मशीनवरून एकदा हात फिरवला आणि सुनंदाला म्हणाले, "पोरी, मशीन चांगली हाय, घरी ठेवजो." मग माझ्याकडे बोट दाखवलं. "भंगारवाला आला त याले देजो."