धुळीतला चौकोन

कर्जत-खालापूर एसटीत रोज खिडकीशी बसणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे घमेंडखोर म्हणत. तेव्हा मी गप्प बसलो, म्हणून आता लिहितो.

ते कुणाशी बोलत नसत, हे खरं. काचेवरच्या धुळीत बोटानं नऊ घरांचा चौकोन आखत, काही घरांत आकडे लिहीत, बाकीची रिकामी ठेवत. उभी, आडवी, तिरकी, कुठूनही बेरीज सारखी यायला हवी. माझ्या थांब्याच्या अलीकडच्या फाट्यावर ते उतरले की मी त्यांच्या जागी सरकून रिकामी घरं भरायचो. दुसऱ्या दिवशी बहुतेक तीच गाडी असे. माझं चुकलं असेल तर त्या घराकडे बोट दाखवून ते म्हणत, "पुन्हा बघा." बरोबर असेल तर बाहीनं काच पुसून नवा चौकोन आखत. मला त्याचं वेडच लागलं. रविवार जाता जात नसे.

एकदा मागून कुणीतरी ओरडलं, "काय रं, त्या येड्याचा चेला झालास का तू?" गाडी हसली.

"छे! मी कशाला यांच्या नादी लागतोय?" म्हणत मी रुमालानं काच पुसून टाकली. त्यांचा चौकोन अर्धाच झाला होता.

दुसऱ्या दिवशी ते हात मांडीवर ठेवून बसले. काचेवर पुन्हा धूळ होती. शेवटी मीच वाकून चौकोन आखला, सगळी घरं भरली आणि एका घरात मुद्दाम चुकीचा आकडा लिहिला. त्यांची नजर नेमकी त्या आकड्यावर थांबली. फाटा येईपर्यंत मी वाट पाहिली.

ते त्या घराकडे बोट न दाखवताच उतरले.