चाचणीआधी छापलेली नावे

"काका, तुमचा शर्ट झाका ना. फोटोत पांढरं चमकतंय."

असे म्हणून त्या कार्यक्रमवाल्या मुलीने लाल जर्सी माझ्या अंगावर टाकली. हातात दिली नाही. टाकली. इस्त्रीच्या शर्टावर मी ती चढवली आणि खिशातले दोन्ही पेन आत दबले. कुणी बळजबरी केली नव्हती, हे प्रारंभीच नमूद करतो.

मी अर्जनवीस. छत्रपती संभाजीनगरात कचेरीबाहेरच्या लिंबाखाली सव्वीस वर्षे माझे टेबल आहे. शिक्षण नववी नापास. परंतु माझ्या हातचा अर्ज पुढे आला की साहेबसुद्धा खुर्चीत सावरून बसतात, ही वस्तुस्थिती आहे.

परदेशातील एका फुटबॉल क्लबाने आमच्या शहरातील एका खासगी अकादमीशी करार केला. क्लबाला इथे चाहते हवे होते आणि होतकरू मुली. अकादमीला क्लबाचे नाव हवे होते. अकादमीचे संचालक, एका बिल्डरांचे चिरंजीव, स्वतः माझ्या टेबलाशी आले.

"तुमच्या वस्तीत तुमचा शब्द चालतो म्हणे. पोरी आणा. चाचणीतून दोघींची निवड होईल. वर्षभर मोफत शिकवू, मग परदेशात शिबिर."

माझा शब्द चालतो. मी इतकेच ऐकले.

माझी सुजाता गोलरक्षक आहे. वय तेरा. विहाराशेजारच्या मुरमावर ती चेंडूमागे झेप घेते. तिच्या कोपरावर खपली नाही असा महिना मला आठवत नाही. तिच्यासह तेवीस मुलींची संमतिपत्रे मी भरली. मजकूर इंग्रजी होता. रबरी शिक्क्यावर असते तेवढेच इंग्रजी मला वाचता येते. तरीही मी प्रत्येक आईला सांगितले, "मी वाचलंय. इथं अंगठा कर."

शेजारच्या कौसाबाईने अंगठा हवेतच धरला होता. "दादा, पोरीला फसवणार नाय ना?"

"मी हाये ना."

चाचणी पैठण रस्त्यावरील एका मोठ्या शाळेच्या हिरवळीवर होती. अकादमीच्या मुली व त्यांचे पालक मंडपात बसले होते. आम्हाला दारातच विचारले गेले, "कम्युनिटीवाले ना तुम्ही? तिकडं." तिकडे ऊन होते. आमच्या मुलींना झेंडे दिले आणि पाहुणे आले की ओरडा, असे सांगितले. जात कुणीही विचारली नाही. आता त्यासाठी वेगळा शब्द आला आहे.

अकादमीच्या मुली सकाळभर खेळल्या. आमच्या मुलींना आठ मिनिटे मिळाली. त्या आठ मिनिटांत सुजाताने तीन चेंडू अडवले. तिसरा तर अंग झोकून. परदेशी पाहुणे उभे राहून टाळ्या वाजवू लागले आणि माझी छाती त्या उसन्या जर्सीत मावेना.

तेवढ्यात हाक आली, "काका, तो खोका उचला जरा."

मी उचलला. झाकण उघडे होते. वरच दोन जर्सी होत्या. पाठीवर क्रमांक आणि नावे छापलेली. दोन्ही नावे मंडपातल्या मुलींची, सकाळभर मैदानावर पुकारली जात होती तीच.

निवड अजून जाहीर व्हायची होती.

घटनेआधी लिहून ठेवलेला पंचनामा मी लांबून ओळखतो. कारण तसे पंचनामे मी लिहिले आहेत. तलाठी सांगत, मी लिहीत असे. पंचांच्या सह्या कोऱ्या कागदावर आधीच झालेल्या असत. ज्याची जमीन त्या कागदाने जायची, तो माणूस दाराबाहेर हात जोडून उभा असे. मी त्याच्याकडे कधी पाहिले नाही. त्या दिवशी त्याच्या जागी मी उभा होतो. हातात खोका घेऊन.

मी संचालकांना विचारले, "साहेब, निकालाआधी नावं कशी छापली?"

ते हसले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काका, पोरींना फोटो मिळतोय, झेंडा मिळतोय, जाताना एकेक जर्सी मिळेल. क्लबला तिकडं दाखवायला असे चेहरे लागतात. बरं, ती संमतिपत्रं द्या. लहान मुलांचे फोटो त्याशिवाय चालत नाहीत त्यांना." मग मागे वळून म्हणाले, "अरे, यांना नाश्ता दिला का?"

नाश्ता.

तेवीस कागद माझ्या पिशवीत होते. मी जर्सी काढली, घडी घातली, त्यांच्या टेबलावर ठेवली.

"कागद देणार नाय."

"अहो, सह्या पालकांच्या आहेत. तुमच्या नाहीत."

"खरं हाय. म्हणून आधी त्यांना वाचून दाखवतो. मराठीत."

"काका, तमाशा नको. पाहुणे बघतायत."

"बघू द्या. त्यांनी बघावं म्हणूनच आणलं ना आम्हाला?"

परतताना टेम्पोत कौसाबाई म्हणाली, "तुमच्या ऐटीत पोरींची जर्सीबी गेली, दादा." सुजाताने विचारले, "पप्पा, मी अडवले ना?"

"व्हय."

"मग?"

मी पिशवीतून तिचा कागद काढला आणि त्यात निवडीची ओळ शोधू लागलो.

दुसऱ्या दिवशी लिंबाखालच्या वकिलांकडून मी तो कागद समजून घेतला. मुलींचे फोटो कायमचे क्लबाचे. निवडीबद्दल एक ओळही नव्हती. संध्याकाळी विहारात सर्व आयांसमोर मी तो मराठीत वाचला. आणि म्हणालो, "मी वाचलंय म्हणालो होतो. ते खोटं होतं."

कौसाबाई उठली. आपला कागद घेतला, अंगठ्याचा कोपरा फाडला, कमरेला खोचला आणि बाकीचा कागद माझ्या पुढ्यात टाकला. मग एकेक बाई उठत गेली.

संचालकांचे फोन येत आहेत. मी घेत नाही. क्लबाला मी थेट लिहिले आहे; वकिलांनी इंग्रजी करून दिले. त्यात "कृपा व्हावी" नाही, "आपला नम्र" नाही. चाचणी पुन्हा घ्या. आमच्या मुरमावर घ्या. पूर्ण वेळ घ्या. नावे नंतर छापा.

उत्तर आलेले नाही. येवो न येवो. तोवर आमच्या एकाही मुलीचा चेहरा त्यांना मिळणार नाही. आणि न वाचलेल्या कागदावर यापुढे माझ्या टेबलाशी एकही अंगठा उमटणार नाही.